खिडकीला किती गुण?

प्लेगच्या साथीत मुंबईच्या जुन्या वस्त्यांमधल्या खोल्यांच्या दारांवर तीन अक्षरं रंगवली जात : यू, एच, एच. ‘अनफिट फॉर ह्यूमन हॅबिटेशन’चं ते लघुरूप. माणसाने राहण्यास नालायक. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईतल्या मांडवी भागात या साथीचं निदान केलं आणि पुढच्या काही महिन्यांत तपासणी पथकं घराघरांत शिरू लागली. भिंतींना चुना फासला जाई, जमिनीवर जंतुनाशक ओतलं जाई, अंधाऱ्या खोलीत ऊन यावं म्हणून छपराची कौलं काढली जात. एवढं करूनही खोली सुधारण्यातली नाही असं पथकाचं मत झालं, की दारावर ती अक्षरं उमटत आणि आतलं बिऱ्हाड बाहेर पडे.

घर राहण्याजोगं आहे का, हे या शहराने सरकारी पातळीवर इतक्या मोठ्या प्रमाणावर तपासण्याचा हा पहिलाच प्रसंग म्हणायला हरकत नाही. निकाल दोनच होते, लायक किंवा नालायक. आज हाच प्रश्न वास्तुशास्त्राचे आणि अभियांत्रिकीचे अभ्यासक निराळ्या रीतीने सोडवतात. प्रकाश, हवेची ये-जा, तापमान, दमटपणा, जागा, भाडं, कामाच्या ठिकाणापासूनचं अंतर असे दहा-वीस निकष घ्यायचे, प्रत्येकाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भार द्यायचा, गणित करायचं आणि घरांचा क्रम लावायचा. या पद्धतींना बहुनिकष निर्णयपद्धती म्हणतात. दारावरच्या तीन अक्षरांपासून या कोष्टकांपर्यंतचा प्रवास सव्वाशे वर्षांचा आहे. त्यात गणित उत्तरोत्तर बारीक होत गेलं. कोणत्या निकषाला किती भार द्यायचा आणि तो कोणी ठरवायचा, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीत नव्याने उभा राहिला, आणि त्याच्या उत्तरावर माणसांचं जगणं-मरणं अवलंबून राहिलं.

साथीनंतर, १८९८ साली, कायदा करून ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या फोडून त्यांतून रुंद रस्ते काढायचे, समुद्रावरचा वारा शहरात आणायचा आणि नव्या चाळी बांधायच्या हे त्याचं काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, पुढे दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याचीच करणी. या ट्रस्टचे एक चेअरमन जे. पी. ऑर यांना खोलीतल्या उजेडाचा ध्यास होता. १९१२ साली त्यांनी मुंबईच्या घरांतला उजेड आणि हवा याच विषयावर व्याख्यान दिलं. त्यांचा आग्रह एका कोनावर होता : साडेत्रेसष्ट अंश.

हा कोन समजायला सोपा आहे. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोर साडेत्रेसष्ट अंशांची तिरकी रेषा काढायची. समोरच्या इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेला आडवा येता कामा नये. त्रिकोणमितीने पाहिलं तर याचा अर्थ असा होतो, की समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मं अंतर दोन इमारतींमध्ये मोकळं हवं. इमारत चाळीस फूट उंच असेल तर मधे वीस फूट. इंग्लंडमध्ये पंचेचाळीस अंशांचा दंडक होता. तो मुंबईला लावला असता तर चाळीस फुटांना चाळीस फूट सोडावे लागले असते, आणि इथल्या जमिनीच्या भावात ते कोणी सोडलं नसतं. आपल्याकडे सूर्य डोक्यावर येतो, उजेड प्रखर असतो, तेव्हा निम्म्या अंतरात भागेल असा ऑर यांचा हिशेब होता. म्हणजे आरोग्य आणि जमिनीची किंमत या दोन निकषांमधली ती तडजोड होती.

त्या वेळच्या जुन्या इमारतींत हे अंतर किती होतं, हे घरगल्ली पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. दोन इमारतींच्या पाठींमधली ती चिंचोळी फट. टोपलीच्या संडासातला मैला हलालखोरांनी तिथून उचलून न्यायचा, मोऱ्यांचं पाणी तिथे पडायचं, वरच्या मजल्यावरचा कचराही तिथेच. आतल्या खोल्यांची खिडकी असलीच तर या फटीत उघडे. मग ती बंदच ठेवलेली बरी, असं त्या खोलीतल्या बाईने ठरवलं तर तिचं काय चुकलं? खिडकी आहे आणि ती उघडता येते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुंबईच्या गृहिणींना कोणत्याही अभ्यासाच्या कितीतरी आधी माहीत होतं.

ट्रस्टचा कोन योग्य होता, पण त्याच्या कोष्टकात एक रकाना कोरा राहिला. पाडलेल्या खोलीतलं बिऱ्हाड कुठे जाईल? गिरणीच्या किंवा गोदीच्या चालत जाण्याच्या अंतरावर राहणं ही कामगाराची गरज होती. पहाटेची पाळी, पदरात ट्रामचे पैसे नाहीत, नोकरी रोज दारात उभं राहून मिळवायची. त्यामुळे उठवलेली माणसं लांबच्या हवेशीर जागेत गेली नाहीत. शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या चाळीत पोटभाडेकरू म्हणून शिरली. एक वस्ती मोकळी झाली आणि तिच्या शेजारची आणखी दाटली. सुरुवातीच्या वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत, ही टीका त्याच्यावर सतत होत राहिली, आणि ती रास्त होती.

दाटी म्हणजे किती, हे आज एका खोलीच्या वर्णनावरून समजतं. पहिल्या महायुद्धानंतर मुंबई सरकारने गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी करण्यासाठी डॉ. बार्न्स या डॉक्टर बाईंची नेमणूक केली होती. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली त्यांनी पाहिली. लांबी पंधरा फूट, रुंदी बारा. आत सहा कुटुंबं राहत होती. जमिनीवर सहा चुली मांडलेल्या होत्या. चौकशी केल्यावर कळलं, की लहानथोर मिळून तीस माणसांचं बिऱ्हाड आहे आणि सहापैकी तीन बायका लवकरच बाळंत व्हायच्या आहेत. बाळंतपणासाठी आडोसा म्हणजे कोपऱ्यात लावलेला पडदा. एकशे ऐंशी चौरस फुटांत तीस माणसं, म्हणजे माणशी सहा चौरस फूट. आडवं व्हायला तेवढीही जागा पुरत नाही. काही माणसं पाळीवर गेली तरच बाकीची झोपू शकत.

अशा खोल्यांचं मोजमाप मृत्यूच्या आकड्यांत उमटलं. १९२१ सालच्या मुंबईच्या नोंदींत अर्भकमृत्यूचं प्रमाण खोल्यांच्या संख्येनुसार मांडलेलं आहे. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत दर हजार जन्मांमागे ८२८ मृत्यू. दोन खोल्या असतील तर ३२२. तीन खोल्यांत १९१. चार किंवा जास्त खोल्यांत १३३. हे आकडे पुढे मजुरांच्या स्थितीवरच्या कितीतरी पुस्तकांत आणि अहवालांत उद्धृत झाले, आणि अजूनही ते वाचताना पोटात गोळा येतो.

पण त्यांत एक खोट होती, आणि ती कोकणातल्या कोणत्याही घराला लगेच कळेल. गिरणगावातल्या बायका बाळंतपणासाठी माहेरी जात. मूल जन्मायचं रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या गावात, तिथे त्याच्या जन्माची नोंद व्हायची, आणि काही महिन्यांनी आई त्याला घेऊन चाळीत परत यायची. ते दगावलं तर मृत्यूची नोंद मुंबईत. म्हणजे मृत्यू मुंबईच्या खात्यावर आणि जन्म गावाच्या, त्यामुळे दर हजारी प्रमाण खऱ्यापेक्षा फुगलेलं दिसे. फुगवटा वजा केला तरी एका खोलीतल्या आणि चार खोल्यांतल्या बाळांमधली दरी काही बुजत नाही. दुसरी अडचण अधिक अवघड होती. खोल्यांची संख्या हा एकच निकष म्हणून लिहिला, तरी त्यात मिळकत, पाणी, संडास, आईचं खाणंपिणं, तिची कामाची पाळी असं सगळं दडलेलं असतं. एकच कारण पाच नावांनी मोजलं जाणं हा बहुनिकष पद्धतीतला आजही सर्वांत चिवट दोष आहे.

सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना, १९२० साली, ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ निघालं. पन्नास हजार गाळे बांधण्याचा संकल्प होता आणि पैसा उभा करण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात २०७ चाळी उभ्या राहिल्या : वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीत १२. तळमजला अधिक तीन मजले, बांधकाम सिमेंट काँक्रीटचं, एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली साधारण १६० चौरस फुटांची, मजल्यावर सामायिक संडास. मजबुती आणि इमारतींमधलं अंतर या दोन बाबतींत जुन्या मांडवीपेक्षा या चाळी कितीतरी सरस होत्या.

तरीही वरळीच्या चाळी वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. भाडं गिरणीकामगाराला परवडणारं नव्हतं. गिरण्या लांब होत्या. आसपास बाजार नव्हता, उधारीवर धान्य देणारा वाणी नव्हता. गावच्या माणसांचं जाळं, खानावळ, भजनी मंडळ यांपैकी काही नव्हतं. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने सत्याग्रही डांबायला या रिकाम्या चाळी वापरल्या. पुढे वस्ती भरत गेली आणि याच बीडीडी चाळी गिरणगावच्या राजकारणाचा आणि दलित चळवळीचा बालेकिल्ला झाल्या. काँक्रीट तेच होतं. बदलल्या होत्या आसपासच्या गोष्टी, ज्यांना बांधणाऱ्यांनी शून्य भार दिला होता.

परळच्या बीआयटी चाळीचं उदाहरणही इथे आठवतं. ट्रस्टने बांधलेल्या या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीस वर्षांहून अधिक काळ राहिले. परदेशातून पदव्या घेऊन आल्यावरही तेच घर होतं. दादरला ‘राजगृह’ बांधून ते तिथे गेले, तेव्हा त्या वास्तूच्या रचनेत सर्वांत मोठं स्थान पुस्तकांना होतं. अभ्यासाला निवांत कोपरा मिळणं हा घराचा गुण आहे की नाही? सरकारी पाहणीच्या कोणत्याही तक्त्यात तो तेव्हा नव्हता. रात्री गॅलरीतल्या दिव्याखाली बसून मॅट्रिक झालेल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या चाळींनी पाहिल्या, त्यांना विचारलं असतं तर त्यांनी या कोपऱ्याला बराच भार दिला असता.

घराला रीतसर गुण देण्याची पहिली पक्की पद्धत अमेरिकेत तयार झाली. तिथल्या सार्वजनिक आरोग्य संघटनेने १९३७ साली घरांच्या आरोग्याविषयी समिती नेमली. येल विद्यापीठातले सी.-ई. ए. विन्स्लो हे तिचे अध्यक्ष. समितीने आधी आरोग्यदायी घराची तीस मूलतत्त्वं मांडली. त्यांत शरीराच्या गरजांबरोबर एकांत आणि कौटुंबिक जीवन अशा मनाच्या गरजाही होत्या, ही त्या काळात मोठी गोष्ट होती. मग १९४५-४६ मध्ये घरांचा दर्जा मोजण्याची पद्धत पुस्तकरूपाने आली. तपासनीस घरात जाई, छापील तक्ता भरी आणि प्रत्येक उणिवेला दंडाचे गुण देई. शून्य गुणांचं घर निर्दोष. जितके गुण जास्त तितकं घर वाईट. सोयी, देखभाल, माणसांची दाटी आणि घराभोवतालचा परिसर असे या गुणांचे मुख्य गट होते.

या पद्धतीतली सर्वांत शहाणपणाची तरतूद बेरजेच्या बाहेर होती. काही उणिवा मूलभूत म्हणून वेगळ्या काढल्या होत्या : दूषित पाणी, संडास नसणं, निजण्याच्या खोलीला खिडकी नसणं, आगीत बाहेर पडायला दुसरी वाट नसणं. यांपैकी एखादी असेल तर तिची नोंद स्वतंत्रपणे व्हायची. बाकीच्या चांगल्या गुणांत ती बुडून जाऊ द्यायची नाही. पत्रिका जुळवणाऱ्या मराठी घरांना यात नवीन काही नाही. अष्टकूटात वर्णाला एक गुण, वश्याला दोन असं करत नाडीला आठ, असे भार ठरलेले असतात. छत्तीसपैकी अठरा जुळले की पत्रिका जमली म्हणायची. पण एकनाड निघाली, की सत्तावीस गुण जुळूनही कित्येक घरांत बोलणी थांबतात. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, भारित बेरीज आणि तिच्यावरचा नकाराधिकार या दोन्ही कल्पना आपल्या आजीच्या बोलण्यात रुळलेल्या होत्या.

बेरजेला न जुमानणारा असा नकाराधिकार गणितात नीट बसवला तो फ्रान्समधल्या बर्नार्ड रॉय यांनी. १९६० च्या दशकात त्यांनी ‘इलेक्ट्र’ ही पद्धत मांडली. दोन पर्यायांपैकी एक बहुतेक निकषांवर सरस ठरला, तरी एखाद्या निकषावर तो फारच मागे असेल तर त्याला सरस म्हणायचं नाही, अशी सोय या पद्धतीच्या घडणीत आहे.

अमेरिकेतल्या तपासण्यांचा पुढचा इतिहास मात्र बीआयटीच्या वळणावरच गेला. बॉस्टनच्या वेस्ट एंड या भागात इटालियन आणि इतर स्थलांतरितांची जुनी वस्ती होती. अधिकाऱ्यांच्या तपासणीत ती ‘स्लम’ ठरली आणि १९५८ नंतर जमीनदोस्त झाली. पाडापाडीच्या आधी, १९५७-५८ मध्ये, समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स तिथे काही महिने भाड्याने राहिले. बाहेरून इमारती कळकट होत्या, जिने अंधारे होते, पण दार उघडलं की आतली घरं टापटीप, स्वच्छ, नांदती होती. भाडं कमी, नातलग हाकेच्या अंतरावर. तपासणीने इमारतीचा बाह्यभाग आणि वय पाहिलं. ही माणसं तिथे का राहतात, हा रकाना कोराच होता. उठवलेल्या रहिवाशांचा मागोवा घेणाऱ्या मार्क फ्राइड यांना पुढे आढळलं, की गेलेल्या घरासाठी कित्येकांना झालेलं दुःख माणूस गेल्याच्या दुःखासारखं होतं आणि ते दीर्घकाळ टिकलं.

मग ज्याला राहायचं त्यालाच भार ठरवू दिले तर? हा विचार गणितात आणणाऱ्यांत थॉमस साटी यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. इराकमधल्या मोसुल शहरात १९२६ साली जन्मलेले साटी अमेरिकेत गणितज्ञ झाले. १९६० च्या दशकात ते तिथल्या शस्त्रनियंत्रण संस्थेत होते. मोठमोठे तज्ज्ञ एका टेबलाभोवती बसतात, पण एकमेकांच्या निकषांची तुलना करण्याची साधी रीत त्यांच्यापाशी नसते, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. त्यातून १९७० च्या दशकात त्यांची श्रेणीबद्ध विश्लेषणाची पद्धत आकाराला आली. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १९८० साली आलं.

ही पद्धत समजावताना साटी यांनी दिलेलं गाजलेलं उदाहरण घरखरेदीचंच आहे. एका कुटुंबापुढे तीन घरं आहेत. निकष आठ : घराचा आकार, बसची सोय, शेजारपाजार, घराचं वय, अंगण, आधुनिक सोयी, एकंदर अवस्था आणि पैशाची व्यवस्था. आठही निकषांना एकदम क्रम लावायला सांगितला तर माणूस गोंधळतो. म्हणून दोन-दोनच्या जोड्या लावायच्या. शेजार महत्त्वाचा की आकार? महत्त्वाचा तर किती, एक ते नऊ यांपैकी आकडा सांगा. आठ निकषांच्या अशा अठ्ठावीस जोड्या होतात. त्या उत्तरांतून पैशाच्या व्यवस्थेला ०.३३३ एवढा भार मिळाला. त्याखालोखाल शेजार ०.१८८, आकार ०.१७३, एकंदर अवस्था ०.१६७. घराच्या वयाला जेमतेम ०.०१८.

पहिलं घर सर्वांत मोठं होतं, शेजार चांगला होता, पण रंगरंगोटी आणि डागडुजी हवी होती, आणि कर्जाच्या अटी तिन्ही घरांत सर्वांत वाईट होत्या. म्हणजे ज्या निकषाला कुटुंबाने एक तृतीयांश भार दिला, त्यातच ते मागे. तरीही अखेरच्या हिशेबात त्याला ०.३९६ गुण पडले, दुसऱ्याला ०.३४१, तिसऱ्याला ०.२६३. साटी लिहितात, की तेच घर घेतलं गेलं. आकार आणि शेजार यांनी मिळून पैशाची उणीव भरून काढली होती.

साटी यांच्या पद्धतीत आणखी एक प्रामाणिक सोय आहे. माणूस आकाराला शेजारापेक्षा वरचढ म्हणतो, शेजाराला अंगणापेक्षा, आणि पुढच्याच जोडीत अंगणाला आकारापेक्षा. उत्तरांतली ही विसंगती किती, ते मोजण्याचं एक प्रमाण त्यांनी दिलं. साधारण ०.१० च्या आत असेल तर ठीक. या घराच्या उदाहरणात मुख्य निकषांच्या तुलनेत ते ०.१६९ निघालं, मर्यादेहून जास्त. खऱ्या कुटुंबांची उत्तरं अशीच असतात. नवरा-बायको, सासू, कमावता मुलगा यांच्या मनातली घरं एकमेकांशी जुळत नाहीत, आणि ती जुळत नाहीत हे आकड्यात दिसणं हीसुद्धा उपयोगाचीच माहिती आहे.

घरातल्या हवेकडे, उजेडाकडे बहुनिकष पद्धती वळवण्यात लिथुआनियाची राजधानी विल्निअस पुढे राहिली. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ मध्येच खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडची हजारी एक ही मर्यादा सुचवली होती. डेन्मार्कच्या ओले फँगर यांनी १९७० मध्ये तापमान, आर्द्रता, वारा, कपडे आणि हालचाल यांवरून माणसाला खोली किती सुखकर वाटेल याचं समीकरण दिलं होतं. पण विल्निअसपुढचा प्रश्न निकडीचा होता. सोव्हिएत काळात तिथे तयार काँक्रीटच्या फलकांची हजारो घरं उभी राहिली. लाझ्दिनाय या वसाहतीला तर १९७४ साली लेनिन पारितोषिक मिळालं होतं. इंधन स्वस्त होतं तोवर पातळ भिंतींमधून उष्णता निसटली तरी कोणी विचारत नव्हतं. स्वातंत्र्यानंतर इंधनाचे भाव चढले आणि त्याच घरात हिवाळा काढणं महाग झालं. भिंतीला बाहेरून आवरण घालायचं, खिडक्या बदलायच्या, की छत आधी? खिडक्या घट्ट बसवल्या तर उष्णता वाचते, पण हवा कोंडते आणि भिंतीला बुरशी येते. एकाच निकषावर ठरवण्याजोगा हा प्रश्न नव्हता.

तिथल्या गेडिमिनास तंत्रविद्यापीठात एडमुंडास झवादस्कस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून अशा प्रश्नांसाठी एकामागून एक पद्धती रचल्या. १९९४ ची ‘कोप्रास’ आणि २०१० ची ‘अरास’ ही त्यांतली ठळक नावं. ‘अरास’ मांडताना त्यांनी खोल्यांच्या आतल्या हवामानाचंच उदाहरण घेतलं : माणशी हवा, आर्द्रता, तापमान, कामाच्या वेळचा उजेड, हवेच्या झोताचा वेग, दवबिंदू. आधी एक आदर्श खोली कल्पायची, जिच्यात प्रत्येक निकष उत्तम आहे, आणि मग प्रत्येक खरी खोली तिच्या किती टक्के जवळ आहे ते काढायचं. दारियस कालिबातस यांनी हीच वाट राहत्या घरांच्या निवडीपर्यंत नेली. दोन खोल्यांपैकी कोणती बरी एवढ्यावर उत्तर थांबत नाही. दोन्ही वाईट असतील तर तेही दिसतं.

मुंबईला याच उत्तराची गरज होती. १९९५ नंतरच्या पुनर्वसन योजनांत झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचं पक्कं घर मोफत द्यायचं ठरलं. पुढे ते २६९ झालं, मग ३००. चर्चा चौरस फुटांची आणि पात्रतेच्या कागदांची झाली. पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींच्या किती जवळ बांधाव्यात यावरचे नियम याच योजनांसाठी सैल केले गेले. ऑर यांचा कोन ज्या शहरात मांडला गेला, त्याच शहरात गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला, एम-पूर्व विभागात, उंच इमारतींच्या रांगा जेमतेम तीन मीटर अंतरावर उभ्या राहिल्या.

लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड या अशाच वसाहती. तिथे आणि जवळच्या पीएमजी कॉलनीत ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे अभ्यासक यांनी केलेली पाहणी २०१८ च्या सुमारास प्रसिद्ध झाली. घरोघरी जाऊन त्यांनी क्षयरोगाच्या रुग्णांची माहिती घेतली आणि इमारतींमधली अंतरं, घरात येणारा उजेड आणि वारा यांचं गणिती प्रारूप मांडलं. पहिल्या दोन वसाहतींत क्षयाचं प्रमाण पीएमजी कॉलनीपेक्षा खूपच जास्त निघालं. पीएमजीत इमारतींमध्ये अंतर अधिक आहे. दाट वसाहतींत खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, आणि आजाराचा भारही तिथेच अधिक दिसला. दोन इमारतींमधल्या फटीत कचरा पडतो, घुशी-उंदीर होतात, वास येतो, समोरच्या घरातलं सगळं दिसतं, म्हणून खिडक्या बंद. मांडवीच्या घरगल्लीतली खिडकी शंभर वर्षांनी लिफ्टच्या इमारतीत पुन्हा बंद झाली.

झोपडीपेक्षा ही घरं वाईट आहेत असं म्हणणं चूक ठरेल. घरात नळ आहे, स्वतःचा संडास आहे, पावसात छप्पर गळत नाही, नावावर कागद आहे. बायकांना रात्री बाहेर जावं लागत नाही, याचा भार कोणत्याही बाईला विचारा. भारित बेरीज केली तर हे घर झोपडीहून नक्की वर येईल, आणि या बेरजेतच क्षयाची खोली उत्तीर्ण होऊन जाते. विन्स्लो यांच्या समितीने ज्या उणिवा बेरजेबाहेर ठेवल्या होत्या आणि रॉय यांनी ज्यांना नकाराधिकार दिला, त्यांत खालच्या मजल्यावरच्या उजेडाची आणि वाऱ्याची गणना झाली असती, तर तीन मीटरच्या नकाशांवर मंजुरीचा शिक्का बसला नसता.

वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी आता मनोरे उभे राहत आहेत. १६० चौरस फुटांच्या खोलीतल्या कुटुंबाला ५०० चौरस फुटांचं घर मिळतं, आणि पहिल्या काही शे कुटुंबांच्या हाती ऑगस्ट २०२५ मध्ये चाव्याही पडल्या. पिढ्यान् पिढ्या सामायिक संडासाच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसांचा हा हक्कच होता. या घरांची पारख करायला कोणी अभ्यासक गेले, तर त्यांनी मोजणी तळाच्या मजल्यांपासून सुरू करावी, आणि जुलैच्या झडीत, खिडक्या लावलेल्या असताना करावी. महिन्याचा देखभाल खर्च आणि लिफ्ट बंद पडल्यावर म्हाताऱ्या माणसांचं काय होतं, हे दोन रकाने रहिवाशांना न विचारताही घालता येतील. बाकीचे रकाने आणि प्रत्येकापुढचा भार साटींच्या रीतीने जोड्या लावून त्यांनाच ठरवू द्यावा : गॅलरी गेली आणि बेडरूम आली, यांत किती सरस, शाखेचा कट्टा लांब गेला आणि संडास घरात आला, यांत किती सरस.